मुदतीची पत्रं

पत्र लिहून होतं ती वेळ वेगळी आणि ते पोचतं ती वेळ वेगळी, ही गोष्ट आपण मधली काही वर्षं विसरूनच गेलो होतो. जुन्या मराठी दफ्तरांत बसणाऱ्या माणसाला ती विसरता येत नाही. त्या कागदांवर पत्र लिहिल्याची तिथी असते, आणि पुष्कळदा वेगळ्या हाताने घातलेली आणखी एक तिथी असते. ती पैवस्तीची, म्हणजे पत्र हाती पडल्याची. अभ्यासक त्या दोन तिथ्यांमधले दिवस मोजतो. जासूद वाटेत कुठे अडला, नदीला उतार होता की पूर, आणि बातमी पोचली तेव्हा ती अजून खरी होती का, हे सगळं त्या मधल्या दिवसांत दडलेलं असतं.

टपालखात्याच्या पत्रांवरही दोन तारखा असायच्या. माझ्या लहानपणी घरी पत्र आलं की आजोबा ते आधी उलटं करून बघत. पुढे तिकिटावर निघाल्याचा शिक्का, मागे पोचल्याचा. "पंढरपूरहून चार दिवस लागले," असं काहीसं स्वतःशी म्हणत आणि मग पत्र फोडत. आत लिहिलेली खुशाली चार दिवसांपूर्वीची आहे हे धरून ते वाचत. एखाद्याच्या तापाबद्दल लिहिलेलं असलं तर "आता उतरला असेल" असं म्हणून पुढच्या ओळीवर जात. पत्र वाचणं म्हणजे मधल्या दिवसांची भर आपल्या मनाने घालत जाणं, हे त्यांच्या पिढीला वेगळं शिकावं लागलं नाही.

ईमेलने हे मधले दिवस पुसून टाकले. 1971 साली रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यावरून पहिला ईमेल पाठवला तेव्हा तो शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये गेला होता. पुढे यंत्रं हजारो मैल लांब गेली, पण ते शेजारपण कायम राहिलं. लिहून झालं म्हणजे पोचलं. हे सुखच होतं, आणि अजूनही आहे. परदेशातल्या लेकाचं 'पोचलो' एवढं एका शब्दाचं पत्र त्याच मिनिटाला वाचणाऱ्या आईला विचारावं. पण याच सोयीमुळे एकाला रात्री साडेबाराला सुचलेली गोष्ट दुसऱ्याच्या उशाशी साडेबारालाच वाजू लागली. लिहिणाऱ्याची रात्र आणि वाचणाऱ्याची रात्र यांच्यामध्ये जो रस्ता होता, तोच उरला नाही.

म्हणून ईमेल आत्ता लिहून नंतर पाठवण्याची सोय मला फार मोलाची वाटते. जीमेल 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झालं आणि बरोबर पंधरा वर्षांनी, 1 एप्रिल 2019 रोजी, त्यात 'शेड्यूल सेंड' आलं. त्याआधी आउटलुकमध्ये उशिराने पाठवण्याची तरतूद होती, जीमेलला जोडून वापरायची 'बूमरँग'सारखी साधनं 2010पासून होती. आयफोनच्या मेलमध्ये ही सोय 2022 साली आली. तंत्राच्या बातम्यांत या सोयीला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळाली नसेल. माझ्या मते मात्र गेल्या वीस वर्षांत पत्रव्यवहारात जे जे नवं आलं, त्यात दुसऱ्याच्या दिवसाचा विचार करायला लावणारी हीच एक गोष्ट आहे. बाकी सगळ्या सोयी वेग वाढवण्याच्या होत्या. ही थांबण्याची आहे.

पोचण्याची वेळ साधायची हे काही नवं नव्हे. फक्त पूर्वी गणित उलटं होतं. रस्ता लांबचा, म्हणून लवकर निघायचं. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात गेल्या, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. अशा गावांतून सैन्यातल्या भावाला राखी कशी जायची ते आठवावं. पाकिटावर नाव, सैनिकाचा नंबर, पलटणीचं नाव आणि खाली 'मार्फत 56 एपीओ' किंवा '99 एपीओ'. गावाचं नाव नाही, राज्याचं नाही. भाऊ बर्फात आहे की वाळवंटात, हे पाकिटाला माहीत नाही आणि बहिणीलाही पुष्कळदा माहीत नाही. तरी नारळी पौर्णिमा चुकता कामा नये. मग दिव्यांची अवस झाली की राखी टपालात पडायची. पौर्णिमेला पंधरवडा हातात. त्यातले काही दिवस घाटातल्या पावसाला, काही रेल्वेला, काही तळावरून पुढे चढणाऱ्या गाडीला. राखीसोबत अक्षतांची पुडी, आणि ती भिजू नये म्हणून तिला प्लास्टिकचा कागद. आता टपालखातं राखीसाठी पावसात न भिजणारी खास पाकिटं विकतं, तेव्हा ती काळजी घरच्या घरी घ्यावी लागायची.

त्या पंधरवड्यात बहीण काय करत होती? तिचं काम टपालपेटीपाशी संपलं होतं. पण तिच्या मनात पाकीट चालत होतं. आज पुण्याला असेल, आज गाडीत असेल. पौर्णिमेच्या सकाळी ती पाटापुढे नारळ ठेवताना मनाशी म्हणायची, आज मिळाली असेल. मिळाली की नाही ते कळायला आणखी दोन आठवडे. पोचण्याचा क्षण तिने न पाहताच ठरवला होता आणि त्या क्षणी तिथे असलेल्या माणसाचा दिवस कसा असेल, हे तिने पंधरा दिवस आधी मनात धरलं होतं. माझ्या दृष्टीने पत्र वेळ नेमून पाठवण्याची ही सगळ्यात शुद्ध रीत आहे. पत्र जेव्हा क्षणात जायला लागलं तेव्हा हे मनात धरणंही गेलं. धरायची गरजच राहिली नाही.

नव्या रीतीत यातलं काय परत मिळालं ते पाहायचं तर आधी ती चालते कशी ते सांगायला हवं. जीमेलमध्ये 'सेंड'च्या शेजारी बारीकसा बाण असतो. तो दाबला की वेळ नेमता येते. यंत्र आपणहून काही वेळा सुचवतं: उद्या सकाळी आठ, उद्या दुपारी एक, सोमवारी सकाळी आठ. त्यातली घ्यावी, नाही तर आपली तारीख आणि वेळ घालावी. पत्र 'शेड्यूल्ड' नावाच्या कप्प्यात जातं. एका वेळी शंभरपर्यंत पत्रं तिथे थांबू शकतात. आपला संगणक बंद असला, फोन पाण्यात पडला, आपण गाढ झोपलेलो असलो, तरी पत्र निघतं, कारण ते आपल्या घरी नसतंच, कंपनीच्या यंत्रावर असतं. सगळीकडे असं नाही. आउटलुकच्या जुन्या धाटणीत काही प्रकारच्या खात्यांवर पत्र आपल्याच संगणकाच्या आउटबॉक्समध्ये बसून राहतं आणि नेमल्या वेळी प्रोग्रॅम उघडा नसेल तर जात नाही. लॅपटॉप मिटून गावाला गेलेल्या माणसाचं पत्रही त्याच्याबरोबर मिटून जातं.

2007 साली यासाठी एक रीतसर प्रमाणलेखही झाला, आरएफसी 4865. पत्र पुढे नेणाऱ्या यंत्राला ते धरून ठेवायला कसं सांगायचं, याचे त्यात दोन प्रकार आहेत. इतके सेकंद धर, किंवा अमुक क्षणापर्यंत धर. मी ते वाचलं तेव्हा मला आपल्या पेढ्यांवरच्या हुंड्या आठवल्या. हुंडी दोन तऱ्हांची असे. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पटवायची, मुदती हुंडी ठरलेले दिवस भरल्यावर. सावकार दोन्हींचा मान सारखाच ठेवी, पण मुदतीच्या हुंडीत एक गोष्ट जास्तीची होती. ती लिहिणाऱ्याला मुदत भरेपर्यंत आपली पत टिकवून धरावी लागे. आज लिहिलेला शब्द साठ दिवसांनी खरा ठरायचा होता. आपले रोजचे ईमेल सगळे दर्शनी. वेळ नेमून ठेवलेलं पत्र मुदतीचं, आणि मधल्या काळात त्याच्या मागे उभं राहणं हे लिहिणाऱ्याकडे आलं.

पण मुदत कोणाच्या घड्याळाने मोजायची? जीमेल ती आपल्या घड्याळाने मोजतं. पत्र नेमताना आपण जिथे असू तिथली वेळ धरली जाते. पुण्यात बसून 'सोमवारी सकाळी दहा' नेमलेलं पत्र सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यात रविवारी रात्री साडेनऊला पोचतं. तिकडचा माणूस जेवून भांडी आवरत असतो, मुलीच्या शाळेचा डबा उद्या काय, ते ठरवत असतो, आणि त्याच्या हातातल्या फोनवर हिंजवडीचा सोमवार येऊन उभा राहतो. तिकडून शुक्रवारी दुपारी तीनला आरामात निघालेलं पत्र आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेतीनला येतं. हिंजवडीत आणि खराडीत काम करणाऱ्या हजारो घरांतल्या शनिवारांची सुरुवात अशा पत्रांनी होत आली आहे. त्यात तिकडे घड्याळं वर्षातून दोनदा हलतात, आपली हलत नाहीत. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. इथून संध्याकाळी साडेसहाला निघालेलं पत्र ऑक्टोबरात तिथे सकाळी नऊला पोचतं आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की आठला. तोच साडेसहाचा आकडा, पण आता तो माणूस अजून दाढी करत असतो.

घड्याळ कोणाचं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नव्हती. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे चालणारी मुंबईची वेळ 1955पर्यंत टिकली. म्हणजे देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली तरी या शहरात 'कुठल्या वेळेने?' असं विचारावं लागे. मला त्या विचारण्याचा हेवा वाटतो. भेटीची वेळ ठरवताना समोरच्याचं घड्याळ कुठलं आहे ते आधी विचारून घ्यायचं, ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. आज आपण सगळे एका वेळेवर आहोत असं धरून चालतो. एकाच शहरातसुद्धा ते खरं नसतं. यंत्राने सुचवलेले सकाळचे आठ घ्या. आठला बदलापूरहून निघालेली बाई लोकलच्या डब्यात एका पायावर उभी असते. आठला पाळी संपवून परिचारिका घरी झोपायला चाललेली असते. आठला शाळेच्या शिक्षिकेचा पहिला तास सुरू झालेला असतो. आठ ही वेळ कोणा टेबलाशी बसलेल्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून निवडलेली आहे. मी यंत्राची सुचवण कधी घेत नाही. ज्याला लिहिते त्याच्या दिवसात कुठे जरा मोकळी जागा असेल ते आठवते आणि ती वेळ घालते. कोणाला दुपारी चारला, चहाच्या सुमाराला. एका वयस्क लेखकांना पहाटे सहाला, कारण ते त्या वेळी फिरून येऊन संगणकाशी बसतात आणि अकरानंतर तो बंद करतात. हे आठवण्यात जे अर्धं मिनिट जातं, त्यात तो माणूस माझ्यासमोर असतो. दिव्यांच्या अवसेपासून बहीण जे करत होती त्याचा एवढा अंश मला परत मिळाला आहे.

आता थांबलेल्या पत्राविषयी. धाडलेल्या पत्राला आपण काही करू शकत नाही, मसुद्याला काहीही करू शकतो. मुदतीचं पत्र या दोन्हींच्या मधलं आहे. त्यात एक शब्द बदलायचा असला तरी आधी पाठवणं रद्द करावं लागतं. मग ते पुन्हा मसुदा होतं, आणि वेळ नव्याने नेमावी लागते. मला ही अडचण योग्य वाटते. पत्र पूर्ण झालं असं आपण एकदा म्हटलेलं असतं. ते म्हणणं मागे घेतल्याशिवाय हात लावता येऊ नये. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र सकाळवर टाकावं आणि सकाळी रद्द करावं, हा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. मला जास्त विचारात टाकतात ती चांगल्या मनाने लिहिलेली, थांबलेली पत्रं. गुरुवारी लिहिलं, 'आईंची तब्येत आता सुधारत असेल', आणि सोमवारी सकाळसाठी नेमलं. मध्ये शनिवार-रविवार आहे. आजोबांच्या पत्रातले चार दिवस वाचणाऱ्याला माहीत होते. मागचा शिक्का बघून तो ते दिवस पदरचे घालून वाचत होता. माझ्या पत्रातले चार दिवस वाचणाऱ्याला दिसत नाहीत. त्याच्या लेखी ते सोमवारी सकाळी लिहिलेलं असतं. म्हणून पत्राच्या मागे उभं राहण्याचं काम पूर्णपणे माझं. रविवारी रात्री मी तो कप्पा उघडते, थांबलेली पत्रं वाचते, आणि ज्या घरात मध्ये काही घडलं असेल त्या घरचं पत्र काढून घेते.

शोकाचं पत्र मी मुदतीवर ठेवत नाही. बातमी कळली की त्या क्षणी, रात्रीचा एक वाजला असला तरी. ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या घरात त्या रात्री कोणी झोपलेलं नसतं. आणि त्या पत्राला उत्तराची अपेक्षा नसते, त्यामुळे ते कोणाला उठवत नाही. त्यावरची वेळही बोलते. एक वाजता कोणी आपल्यासाठी जागं होतं, हे त्या पत्रातल्या मजकुराइतकंच पोचायला हवं.

वाढदिवसाचं पत्र आधी लिहून नेमून ठेवलं तर ती आठवण आपली की यंत्राची, असं माझी भाची मला विचारत होती. ती तिकडे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असते, आणि तिच्या वाढदिवसाचं माझं पत्र तिच्या सकाळी सात वाजता पोचलेलं असतं. मी तिला ईमेलच्या एका नियमाबद्दल सांगितलं. ईमेलवर जी तारीख आणि वेळ लिहिलेली असते ती कशाची असावी, हे आरएफसी 5322 या 2008च्या प्रमाणलेखात स्पष्ट केलेलं आहे. पत्र प्रत्यक्ष वाहून नेलं गेलं त्याची ती वेळ नव्हे. लिहिणाऱ्या माणसाने पत्र शेवटच्या रूपात आणून निघायला तयार केलं, त्याची ती वेळ. उदाहरणही दिलेलं आहे: जाळ्याशी जोडणी नसताना कोणी पत्र लिहून रांगेत ठेवलं, तर तारीख ठेवल्याची धरावी, पुढे जोडणी मिळून ते गेलं तेव्हाची नव्हे. यंत्रांसाठी लिहिलेल्या त्या रुक्ष कागदात हे वाक्य वाचताना मला भरून आलं होतं. मधल्या वाटेतल्या प्रत्येक यंत्राने आपला 'रिसीव्ह्ड'चा शिक्का स्वतंत्र उमटवावा, त्याची वेळ वेगळी लिहावी. पण पत्राची तारीख माणसाच्या हातची. तेव्हा भाचीची आठवण मला ज्या संध्याकाळी झाली, ती संध्याकाळच त्या पत्राची खरी तारीख.

व्यवहारात मात्र तसं होत नाही. मुदतीचं पत्र पाहणाऱ्याला पाठवल्याची नेमलेली वेळ दिसते. लिहिल्याची वेळ कुठेच दिसत नाही. आणि इथे मला या सोयीतली दुसरी बाजू दिसते, जिच्याबद्दल मी अस्वस्थ आहे.

माझी एक मैत्रीण महाविद्यालयात शिकवते. मुलं झोपली, सासूबाईंची रात्रीची गोळी देऊन झाली, ओटा पुसून झाला, की साडेदहा-अकराला ती लॅपटॉप उघडते. अहवाल, वेळापत्रकं, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांवरचे शेरे. एक-दीड वाजेपर्यंत सगळी उत्तरं लिहून होतात आणि ती सगळी ती सकाळी सव्वानऊवर टाकते. रात्रीच्या वेळेचं पत्र पाठवणं बरं दिसत नाही, असं तिला वाटतं. वरिष्ठ तिचं कौतुक करतात, "मॅडम, तुमचं सकाळी सकाळी सगळं तयार असतं." सकाळी सव्वानऊला ती वर्गात असते. त्या सगळ्या पत्रांच्या मागे जी रात्र आहे ती त्या कार्यालयातल्या कोणत्याही नोंदीत नाही. तिला आणखी एक समिती देताना 'सकाळी तेवढा वेळ असतोच त्यांच्याकडे' असा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर त्याला मी तरी काय म्हणू? पुढ्यात असलेल्या वेळा तेच सांगत होत्या.

म्हणजे पत्र थांबवणं दोन दिशांनी होतं. वरून खाली येणारं पत्र थांबलं तर खालच्याची झोप राखली जाते. खालून वर जाणारं पत्र थांबलं तर खालच्याची जागरणं झाकली जातात. बटण एकच आहे, पण पहिलं वरिष्ठाचं कर्तव्य आहे आणि दुसऱ्यात कष्ट दिसेनासे होतात. या दोन्हींना एकच नाव देऊन 'शिष्टाचार' म्हणणं मला पटत नाही.

पहिल्यासाठी काही ठिकाणी नियम झाले आहेत. फोक्सवागन कंपनीने 2011च्या अखेरीस कामगार प्रतिनिधींशी करार करून जर्मनीतल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने ईमेल जाणंच बंद केलं. पुढची पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होई. वरच्या अधिकाऱ्यांना ते लागू नव्हतं. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024पासून लहान आस्थापना सोडून बाकीच्यांना तो लागू झाला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. व्हायला हवा असं मला वाटतं, कारण पत्र थांबवायचं की नाही हे फक्त पाठवणाऱ्याच्या चांगुलपणावर सोडलं, तर ज्याला चांगला वरिष्ठ मिळाला नाही त्याने काय करायचं?

आणि नुसतं थांबवूनही पुरत नाही. लॉरा जुर्जे आणि व्हनेसा बोन्स यांचं 2021 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. कामाच्या वेळेबाहेर, घाईचं नसलेलं पत्र आलं तरी घेणाऱ्याला वाटतं की पाठवणाऱ्याला लगेच उत्तर हवं आहे. पाठवणाऱ्याची खरी अपेक्षा त्याहून बरीच कमी असते. त्यांना असंही आढळलं की 'उत्तराची घाई नाही, सवडीने लिहा' एवढी एक ओळ घातली की हा फरक कमी होतो. हे वाचल्यापासून मी ती ओळ घालते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण अनुवादकांना तर घालतेच. त्यांना मी रात्री काही लिहिलं असेल तर ते सकाळी साडेदहानंतरच पोचतं, शनिवारी-रविवारी अजिबात नाही, आणि शेवटी लिहिलेलं असतं की हे सवडीने वाचा.

वरच्या दिशेची पत्रं मात्र मी आता थांबवत नाही. मैत्रिणीलाही सांगितलं, तू रात्री लिहितेस तर रात्रीच जाऊ दे. ती अजून तयार नाही. तिची भीती खोटी नाही. रात्री दीडला पत्र लिहिणाऱ्या बाईबद्दल लोक काय काय बोलतात हे तिने ऐकलेलं आहे. मला त्यातलं फारसं सोसावं लागत नाही, म्हणून आधी मीच सुरुवात केली. एका जाड चरित्राचा अनुवाद माझ्याकडे आहे. दिवसभर घरात आजारी माणूस असल्यामुळे त्याचं काम रात्रीच होतं. प्रकरण पूर्ण झालं तेव्हा घड्याळात दोन वाजत आले होते. बाणाला हात न लावता मी ते तसंच संपादकांना पाठवलं, नेहमीची ओळ घालून. सकाळी त्यांचं उत्तर आलं: "ताई, प्रकरण मिळालं. पण पत्रावरची वेळ बघून विचारतोय. रोजच एवढं जागावं लागतंय का? मला वाटत होतं तुम्ही सकाळी बसता. तसं असेल तर आपण छपाईची तारीख पुढे नेऊ. कळवा." मी खरं काय ते कळवलं. संध्याकाळपर्यंत मुदत महिनाभर पुढे गेली होती.